जास्वंद लावायचीय: गावठी लाल की हायब्रीड?

नर्सरीत नजर आधी हायब्रीडवरच जाते. तळहात झाकेल एवढं फूल, पिवळ्या पाकळ्या, मध्यभागी गडद लाल. शेजारच्या काळ्या पिशवीत साधी पाच पाकळ्यांची लाल जास्वंद उभी असते, तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही. पण घरात पहिलीच जास्वंद येणार असेल, तर गावठीच घ्या असं माझं ठाम मत आहे. याचं मुख्य कारण मुळांत आहे.

गावठी जास्वंद स्वतःच्या मुळांवर वाढते. पावसाळ्यात पेन्सिलीएवढी जाड फांदी तिरकी छाटून ओल्या मातीत खोचली की महिना-दीड महिन्यात ती रुजते. शेजाऱ्यांकडून फांदी मिळाली तर रोप विकत घ्यायचीही गरज नाही. हायब्रीडच्या मागे अनेक पिढ्यांचे संकर आहेत. पूर्व आफ्रिकेतली कातरलेल्या पाकळ्यांची झुंबर जास्वंद आणि हवाई बेटांवरच्या मूळच्या जास्वंदी त्यांत आल्या. रंग भरपूर मिळाले, पण बऱ्याच जातींची मुळं नाजूक राहिली, म्हणून पुष्कळ रोपं गावठीच्याच खुंटावर, म्हणजे मुळांसकट खालच्या खोडावर, कलम केलेली असतात. असं रोप घेतलंत तर जोड कुठे आहे तो आधी पाहून ठेवा. जोडाखालून फुटवा आला की लगेच मोडून टाका. तो राहिला तर जोमानं वाढतो, वरचं कलम मागे पडतं आणि झाडाला लाल फुलं येऊ लागतात. मग फुलाचा रंग बदलला असं वाटतं. खरं तर खुंटच वर आलेला असतो.

पाण्याच्या बाबतीत दोघींत मोठा फरक आहे. गावठी एखादा दिवस कोरडा सोसते, चार दिवस जास्त पाणी झालं तरी सावरते. हायब्रीडच्या कुंडीत पाणी साचलं की मुळं कुजतात आणि मान टाकलेलं रोप पाहून माणूस आणखी पाणी घालतो. तिला माती, कोकोपीट, शेणखत आणि थोडी जाड वाळू असं भुसभुशीत मिश्रण द्या, आणि वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी. चुनखडीच्या काळ्या जमिनीत किंवा बोअरच्या जड पाण्यावर जास्वंदीची पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. चिलेटेड लोहाच्या, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाच्या, फवारणीनं फरक पडतो.

फुलं कशासाठी हवीत, हेही पाहा. गणपतीला रोज वाहायला लाल फूल हवं असेल तर गावठीला तोड नाही. तिचं फूल सकाळी उमलून संध्याकाळी मिटतं, पण दुसऱ्या दिवशीची कळी तयार असते. हायब्रीडचं फूल अनेकदा दोन दिवस टिकतं, मात्र संख्येनं कमी येतं. ते झाडावरच पाहायचं फूल आहे, आणि बाल्कनीत एक जरी उमललं तरी दिवस प्रसन्न होतो, हे मी मनापासून मान्य करते. जागेचाही हिशेब करा. गावठी जमिनीत दोन-तीन मीटर सहज उंच होते. बाल्कनीत 12 ते 14 इंची कुंडीत छाटून ठेवता येते, तरी हायब्रीड तिथे जास्त आटोपशीर राहते. ऊन मात्र दोघींना पाच-सहा तास हवंच. नसेल तर दोन्ही नकोत. पानं वाढतील, कळ्या येणार नाहीत.

खताला हात सढळ नको. जास्वंदीला पालाश (पोटॅश) जास्त आणि स्फुरद (फॉस्फरस) कमी लागतं, त्यामुळे कुंडीत डीएपीसारखं स्फुरदानं भरलेलं खत मूठभर टाकू नका. हायब्रीडला दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं खत लागतं. गावठीचं शेणखत आणि निंबोळी पेंडीवर छान भागतं. फुलं नव्या फुटीवर येतात, तेव्हा छाटणीला घाबरू नका. थंडी सरताना गावठी निम्म्यापर्यंत छाटली तरी चालते, हायब्रीडची फक्त टोकं खुडा.

परदेशात हिमवर्षावाच्या गावी राहत असाल तर यातली कुठलीच हिवाळ्यात बाहेर टिकणार नाही, घरात घ्यावी लागेल. तिथे अंगणात लावायला पानगळीची सिरियाकस जास्वंद आहे. दक्षिण कोरियाचं राष्ट्रीय फूल तेच, आणि ती बर्फातही तग धरते.

पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारी पांढरी मऊ कीड, कुणालाच सोडत नाही. जास्वंद, भेंडी आणि कापूस एकाच कुळातले, म्हणून भेंडीची कुंडी जरा लांब ठेवा. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की पानं उलटून पाहा. या किडीचे कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन काढा. मग संध्याकाळी लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याचे चार थेंब घालून फवारा, आठवड्यानं पुन्हा एकदा. नर्सरीतून कुठलंही रोप निवडलंत तरी पैसे देण्याआधी पानांची खालची बाजू आणि कळ्यांचे देठ पाहा, आणि घरी आणल्यावर पंधरा दिवस ते बाकीच्या झाडांपासून वेगळं ठेवा.