राजारामपुरीतलं प्रिंटचं दुकान : फोटो द्या आणि आधी बोलणी खा

दुकानाचं नाव टाकत नाही कारण खाली थोडी तक्रार पण आहे, पण कोल्हापूरच्या राजारामपुरीत फोटो मोठे करून देणारी जी दोन-चार दुकानं आहेत त्यातलं गल्लीतलं, जिन्याखालचं. मालक बाहेर काउंटरला आणि आत मॉनिटरवर वहिनी. खरं दुकान वहिनींचंच आहे हे पाच मिनिटांत कळतं.

मी पक्ष्यांचे फोटो काढतो, म्हणजे रविवारी कळंबा नाहीतर रंकाळा तलाव, कधीतरी राधानगरीचं जंगल. २४ मेगापिक्सेलचा साधा क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आणि सेकंडहँड १५०-६०० लेन्स. मोबाईलवर सगळेच फोटो भारी दिसतात, ग्रुपवर टाकलं की नाद खुळा, अंगठे, बदाम. म्हणून यावेळी तीन फोटो निवडले आणि १२ बाय १८ इंच करायला घेऊन गेलो, हॉलमध्ये लावायला.

पहिला रंकाळ्यावरचा बगळा, सकाळच्या उन्हात, मागं काळंभोर पाणी. माझा फेव्हरेट. वहिनींनी उघडला, झूम केला आणि पाठीवर बोट ठेवून म्हणाल्या, "दादा, इथं शाईच पडणार नाही बघा. कोरा कागद देतो मी तुम्हाला." (हो, देतो. आमच्या कोल्हापुरात बायका पण देतो-घेतोच म्हणतात.) आणि खरंच की, पंखांवरचा एक पण तंतू दिसत नव्हता, नुसता पांढरा पॅच. झालं असं की फ्रेममध्ये पाणी काळं आणि जास्त, कॅमेऱ्याला वाटलं अंधार आहे, त्यानं एक्स्पोजर वाढवलं आणि बगळा जळाला. तेव्हाच एक्स्पोजर मायनस एक, म्हणजे एक पायरी कमी केलं असतं तर वाचला असता. स्क्रीनवर पांढरा चमकतो म्हणून हे खपून जातं, कागदावर जिथं पूर्ण पांढरं तिथं काहीच छापलं जात नाही. मी म्हणालो थोडं ग्रे करून टाका, तर म्हणाल्या पिसं नाहीतच तर ग्रे कशाला करू, भिंतीला पुट्टी मारल्यासारखं दिसेल. फोटो परत. पैसे मिळत असताना नको म्हणणारा दुकानदार मी तरी पहिल्यांदा बघितला.

दुसरा कळंब्यावरचा कवड्या खंड्या (काळापांढरा किंगफिशर). ज्यांनी बघितलाय त्यांना माहिताय, हा गडी पाण्यावर एका जागी पंख मारत उभा राहतो, डोकं अजिबात हलत नाही आणि मग दगडासारखा खाली. १/३२०० शटर, आयएसओ १६००, पंख पण गोठलेले, डोळ्यावर फोकस पक्का. मी पक्षी मोठा दिसावा म्हणून टाईट क्रॉप मारला होता. वहिनींनी साईज बघितली, १५०० बाय २२५० पिक्सेल. म्हणजे १८ इंचाला १२५ डीपीआय (एका इंचात तेवढे ठिपके), चांगल्या प्रिंटला ३०० धरतात. पण त्यांचा खरा आक्षेप वेगळाच होता. "हा खाली बघतोय, आणि खाली पाणीच नाही. मग बघतोय कुठं?"

मी गपगार. दीड वर्ष तो फोटो माझा वॉलपेपर होता आणि हे मला दिसलं नाही. घरी येऊन रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ अख्खी फाईल उघडली, तर खाली भरपूर पाणी होतं, हलकी लाट, कडेला गवताचं प्रतिबिंब, सगळं मीच कापून टाकलेलं. फ्रेमची पूर्ण उंची घेऊन उभा क्रॉप केला, पक्षी वरच्या बाजूला, खाली रिकामं पाणी. आता २६६७ बाय ४०००, म्हणजे २२२ डीपीआय. फोटो पण सुधारला आणि प्रिंटचा पण प्रश्न मिटला, एका दगडात दोन पक्षी म्हणणार होतो पण पक्षीवाल्यानं बोलू नये ते.

आणखी एक, चोचीच्या कडेनं पांढरी रेघ होती, माझ्याच शार्पनिंगची. ती काढायला लावली. नॉईजचं (फोटोतल्या दाण्यांचं) मात्र टेन्शन घेऊ नका म्हणाल्या, आणि खरंच प्रिंटमध्ये तो जाणवत पण नाही. मी उगाच डीनॉईज मारून मारून पिसांचा मैदा केला असता. या खंड्याच्या डोळ्यावरनं काळा पट्टा जातो, डोळा पण काळा, त्यामुळं डोळ्यात उन्हाचा ठिपका नसेल तर पक्षी आंधळा वाटतो. माझ्या फोटोत ठिपका आहे, ऊन माझ्या पाठीमागं होतं म्हणून. तेवढी एक शाबासकी मिळाली. छातीवर दोन पट्टे म्हणजे नर, हे मी त्यांना सांगितलं, म्हणजे मलापण काहीतरी येतं हे कळावं.

पेपरला लस्टर घ्या, म्हणजे ग्लॉसी आणि मॅटच्या मधला. ग्लॉसीवर ट्यूबलाईट चमकते आणि मॅटवर काळा रंग थोडा उडतो, खंड्या अख्खा काळापांढरा, त्याला ते चालणार नव्हतं. लस्टरचा १२ बाय १८ दोनशेच्या आत पडला.

आता तक्रार. तिसरा फोटो वेडा राघू (पोपट नव्हे, माश्या पकडणारा छोटा हिरवा पक्षी), विद्यापीठाच्या बाजूचा, तारेवर बसलेला, चोचीत माशी. मी तार पुसून टाकणार होतो, वहिनी म्हणाल्या राहू दे, राघू तारेवरच बसतो की. बरोबर आहे, तसंही बऱ्याच स्पर्धांत पुसापुशी चालत नाही. पण प्रिंट हातात आली तर राघूचा हिरवा पोपटासारखा भडक. मशीनवर ऑटो करेक्शन चालू होतं. मी एसआरजीबी (रंगांची नेहमीची सेटिंग) फाईल दिलेली, घरच्या मॉनिटरचा ब्राईटनेस पण कमी करून बघितलं, माझी चूक नव्हती. वहिनी म्हणाल्या गिऱ्हाईकाला असंच आवडतं. मला नाही आवडलं. त्या राघूच्या हिरव्याला मानेकडं तांबूस झाक असते, ती सगळी गेली. परत काढून दिली नाही, निम्मे पैसे कमी केले. यावर आमचं अजून जमलेलं नाही.

गुरुवारी देतो म्हणून शनिवारी दिलं आणि प्रिंटला रबर लावून गुंडाळी, कडेला वळी पडली. मालकांचं काम ते, वहिनी असत्या तर झालं नसतं.

तरी मी परत जाणार. ऑर्डर देताना "करेक्शन बंद" असं कागदावर लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं राहत नाही. संध्याकाळी लग्नाच्या अल्बमवाल्यांची गर्दी असते, अकराच्या सुमारास गेलात तर वहिनी निवांत बघतात. आणि फाईल पेनड्राईव्हवरच न्या, व्हॉट्सॲपवरनं आलेला फोटो त्या उघडत पण नाहीत.