घर लातूरचं, पैसे आमचे, वकील मात्र विकणाऱ्याचा

लातूरला घर किंवा प्लॉट घ्यायच्या तयारीत असाल, आणि त्यातही पोरांच्या अकरावी-बारावीसाठी उदगीर, अहमदपूर, देगलूरकडून येणार असाल, तर हे जरा सवडीने वाचा. एजंटाने गळ्यात बांधलेला वकील काय करून ठेवतो, ते आम्ही सध्या भोगतोय. प्रकरण कोर्टात आहे, त्यामुळे कोणाचंच नाव घेत नाही. घेऊन उपयोगही नाही, कारण नाव बदललं तरी पद्धत हीच असते.

मी निलंगा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक. मुलीची दहावी झाली आणि लातूरला खोली करून द्यायची वेळ आली. क्लासच्या भागातली भाडी ऐकून बायकोच म्हणाली, दोन पोरांची चार वर्षं धरली तर एवढ्या भाड्यात घराचे निम्मे पैसे निघतील. औसा रोडच्या बाजूला जुन्या एन.ए. (बिगरशेती) लेआउटमधला प्लॉट मिळाला, वर तीन खोल्यांचं बांधकाम, नळ, लाईट, सगळं होतं. मालक साठीचे, बोलायला गोड, कपाळाला बुक्का. चाळीस लाखांवरून साडेछत्तीसवर आले. पोराला पुण्यात फ्लॅट घ्यायचाय म्हणून घाई, असं कारण.

मी कर्जाचं काढलं तर एजंट लगेच म्हणाला, "सर, कशाला लोनच्या नादी लागता? बँकेचे वकील महिना-महिना कागद दाबून बसतेत. तवर दुसरं गिऱ्हाईक घेऊन जाईल." मालक म्हणाले, रोख व्यवहार असेल तर अजून पन्नास हजार सोडतो. या आग्रहाचा अर्थ नंतर लागला. बँक कर्ज देते तेव्हा आपल्या पॅनेलवरच्या वकिलाकडून स्वतंत्र सर्च, म्हणजे मिळकतीच्या जुन्या दस्तांचा शोध, करून घेते. त्या दुसऱ्या वकिलाची नजर कागदांवर पडू द्यायची नव्हती. मग पीएफमधून काढले, सासऱ्यांनी वाटणीचे दिले, गावाकडचं एकरभर रान विकलं.

वकीलही एजंटानेच दिला. "काय घाबरता सर, वकील आपल्या घरचाच हाय." ऑफिस कोर्टाजवळ, भिंतीवर सनद, दारात पक्षकारांची गर्दी. बारा हजार फी, रोख. "आतल्या खर्चाचे" वेगळे. पावती मागितली तर हसून म्हणाले, गुरुजींना पण पावती लागते का?

आठवडाभरात सर्च रिपोर्ट हातात आला. चार पानं, शेवटी गोल शिक्का आणि ठरलेलं वाक्य: "सदर मिळकत निर्वेध, निजोखमी व बोजारहित आहे." म्हणजे कसला वाद नाही, कर्ज नाही. मथळ्यात तीस वर्षांचा शोध. मागे जोडलेल्या शोध फीच्या चलनावर मात्र 2002 पासूनचीच वर्षं. नोंदणीचं संगणकीकरण साधारण तेव्हापासूनचं, त्याआधीच्या सूच्या ऑफिसातल्या वह्यांत हाताने शोधाव्या लागतात. त्या वह्या कोणी उघडल्याच नव्हत्या.

पण खरी मेख दुसऱ्या पानावर होती. मालकाचे वडील वारल्यावर वारसांचा फेरफार, म्हणजे महसुली नोंदीतला नावबदल, झाला होता. त्यात दोन भाऊ आणि दोन बहिणी, चौघांची नावं. पुढच्या फेरफाराने बहिणींची नावं कमी झाली. रिपोर्टमध्ये त्यावर एकच ओळ: "बहिणींनी स्वेच्छेने हक्क सोडल्याचे फेरफारावरून दिसते." वाचणाऱ्याला वाटतं, झालं, विषय मिटला. मूळ कागद काढून पाहिला तर तिथे नोंदणीकृत हक्कसोडपत्र नव्हतंच. होता तो तलाठ्यासमोर लिहून घेतलेला जबाब, खाली दोन अंगठे. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावा लागतो, हे वकिली शिकणाऱ्या पोरालाही माहीत असतं. आपल्याकडे कितीतरी गावांत बहिणींची नावं अशीच उडाली आहेत. रक्षाबंधनाला साडी घ्यायची आणि सही मागायची, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून मराठवाड्यात वारसाचा फेरफार वाचताना सगळ्यात आधी बहिणी मोजायच्या.

जाहीर प्रगटनही रीतसर दिलं होतं, पंधरा दिवसांत हरकत घ्यावी वगैरे. एका अशा दैनिकात, की जे मी कोणाच्या घरी कधी पाहिलं नाही. त्यात सर्व्हे नंबरचे शेवटचे दोन आकडे उलटसुलट छापलेले. छपाईची चूक म्हणाल, तर तीच चूक वकिलांनी दिलेल्या हस्तलिखितात होती. दैनिकाच्या ऑफिसात ते अजून फायलीला लावलेलं आहे.

2022 च्या दिवाळीनंतर खरेदीखत झालं. बायकोच्या नावाने घेतलं, म्हणून मुद्रांक शुल्कात 1 टक्का वाचला. नोंदणी फीचे कमाल 30,000 भरले. अंगठे, फोटो, सूची क्रमांक 2 (नोंदवलेल्या दस्ताचा उतारा) हातात. पेढे वाटले. रजिस्ट्री झाली म्हणजे मालकी पक्की, असं आपल्याकडे झाडून सगळे मानतात. दुय्यम निबंधक मालकी तपासत नाही. समोर आलेल्या माणसाने दस्त लिहून दिला, शुल्क भरलं, ओळख पटली, एवढंच तो बघतो. सातबाराही मुळात महसुलाचा कागद, मालकीचा शेवटचा शब्द नव्हे.

पुढच्या उन्हाळ्यात कोर्टाचा बेलीफ आला. दोन बहिणींनी 2019 सालीच भावांविरुद्ध वाटणीचा दावा लावलेला होता. भावाने प्लॉट विकल्याचं कळल्यावर त्यांनी आम्हालाही प्रतिवादी केलं, आणि मिळकत पुढे विकायला किंवा गहाण ठेवायला मनाई मागितली. मनाई मिळालीही.

शाळेतल्या एका तरुण सहकाऱ्याने मोबाईलवर ई-कोर्टची साइट उघडली. जिल्हा निवडला, कोर्ट निवडलं, पक्षकाराच्या नावाने शोध लावला. नाव इंग्रजीत टाकावं लागतं आणि कारकुनाने कोणतं स्पेलिंग टाकलंय ते सांगता येत नाही, म्हणून दोन-तीन तऱ्हांनी करून बघावं लागलं. दावा सापडला. वादी म्हणून दोन्ही बहिणी, खाली त्यांच्या वकिलांचं नाव. प्रतिवादी म्हणून आमचा मालक आणि त्याचा भाऊ, आणि त्याखाली त्यांच्या वकिलाचं नाव. ज्याने आम्हाला "निर्वेध" लिहून दिलं, तोच. म्हणजे हा माणूस तारखेला बहिणींविरुद्ध उभा राहत होता आणि ऑफिसात येऊन आमच्याकडून फी घेऊन दावाच नाही असं लिहून देत होता.

मी उदगीरला थोरल्या बहिणीकडे गेलो. सत्तरीच्या बाई. चहा दिला, वर म्हणाल्या, "तुमच्यावर राग न्हाई भाऊ. पर तुमी त्या वकिलाला कसं इच्यारलं न्हाई? दर तारखेला आमच्या भावाच्या बाजूनं त्योच तर उभा ऱ्हातोय की." कोर्टाच्या व्हरांड्यात बसणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईला जे उघड दिसत होतं, ते चार पानी रिपोर्टात नव्हतं.

आता कायद्याचं. दावा चालू असताना घेतलेली मिळकत निकालाला बांधील ठरू शकते, मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम 52. दाव्याची माहितीच नव्हती, पूर्ण पैसे दिलेत, एवढं सांगून सुटका होईलच असं नाही. शिवाय सर्च रिपोर्ट होतो तो नोंदणी कार्यालयातल्या सूच्यांचा. वाटणीचा दावा तिथे दिसेलच असं नाही. कोर्टात चौकशी वेगळी करावी लागते, आणि सर्च करणाऱ्या वकिलाने ती केली का, हे रिपोर्टात लिहून घ्यावं लागतं.

पोलीस ठाण्यात गेलो. साहेबांनी कागद चाळले आणि "हे दिवाणी स्वरूपाचं आहे" म्हणून परत पाठवलं. कोणी म्हणालं ग्राहक आयोगात जा. तेही दार बंद. वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये दिला आहे. राहिली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल. अधिवक्ता अधिनियम 1961 च्या कलम 35 खाली गैरवर्तनाची तक्रार करता येते. सनद निलंबित होऊ शकते, नाव पटावरून काढताही येतं. मात्र तुमचे छत्तीस लाख तिथून मिळत नाहीत. तक्रार मी केली आहे. उत्तरात वकीलसाहेबांनी लिहिलंय की मी यांना ओळखतच नाही, यांनी फी दिल्याचा पुरावा काय? बारा हजारांची पावती का टाळली, ते तेव्हा कळलं. त्यांच्या सही-शिक्क्याचा रिपोर्ट आहे म्हणून बरं. तो पोस्टाने किंवा एजंटाच्या हातून न घेता वकिलाच्या मेलवरून मागवून ठेवलेला असता, तर काम अजून सोपं झालं असतं.

हे ऐकून आमचे एक नातेवाईक म्हणाले, मग पुण्याचा मोठा वकील करायचा. ते काही मला पटत नाही. आपल्याकडची जमीन निजामाच्या राज्यातून आलेली आहे. 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक, हैदराबाद कुळकायद्याच्या नोंदी, इनामाचे उर्दूतले जुने दाखले म्हणजे मुंतखब, यातलं पुण्याच्या वकिलाला काय कळणार? वकील इथलाच हवा. फक्त तो विकणाऱ्याचा, बिल्डरचा किंवा एजंटाचा नको, आणि शक्यतो त्याच गल्लीतलाही नको. पहिल्या भेटीत त्याला सरळ विचारायचं: या मालकाचं किंवा त्याच्या घरच्यांचं कुठलं काम तुमच्याकडे आहे किंवा होतं का? उत्तर लेखी मागायचं. प्रामाणिक वकिलाला याचा राग येत नाही. ज्याला येतो त्याच्या ऑफिसातून चहा न घेता उठायचं.

मागच्या वर्षी साडूंना अंबाजोगाईत प्लॉट घ्यायचा होता. त्यांच्यासाठी आम्ही एक वकीलबाई शोधल्या, जिल्हा कोर्टात बरीच वर्षं काम केलेल्या. त्यांनी आधी विकणाऱ्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव लिहून घेतलं आणि आपलं रजिस्टर तपासलं. मग फी सांगितली, ऑनलाइन घेतली, पावती दिली. सातबारा, सगळे फेरफार, खासरा, आणि दिवाणी कोर्टात मालकाच्या नावाने शोध, एवढं केल्याशिवाय त्या इसार पावतीलाही हो म्हणेनात. एजंट रोज फोन करून "मॅडम लई किचकट हायत" म्हणत होता. जुन्या कागदांत तालुका मोमिनाबाद लिहिलेलं, म्हणजे आताचं अंबाजोगाईच, आणि सोबत एक उर्दू मुंतखब. तो त्यांनी जाणकाराकडून वाचून घेतला. जमीन खिदमतमाश निघाली. धार्मिक स्थळाच्या सेवेपोटी दिलेली, परस्पर विकता न येणारी. बाईंनी साडूंना एका कागदावर लिहून दिलं, घेऊ नका.

साडूंचे पैसे गेले ते फक्त फीचे. आमच्या दाव्यात पुढच्या महिन्यात तारीख आहे. बहिणी तडजोडीला तयार आहेत, मालकाचा फोन लागत नाही. अंबाजोगाईचा एजंट मात्र अजून साडूंना फोन करतो. प्लॉट दुसरा आहे म्हणतो, आणि वकीलही देतो म्हणतो, ओळखीतला.