सांध्यावर रुसणारं इंजिन आणि कीप-अलाइव्ह मॉड्यूल : साडेतीन स्टार

आधी माझं दुखणं सांगतो. एचओ स्केलचं (खऱ्याच्या 1/87) चार चाकी शंटर, म्हणजे डबे हलवायचं छोटं मॉडेल इंजिन आहे, तळहातावर मावेल एवढं, डीसीसीवर चालतं (रुळांतून डिजिटल हुकूम जातात, इंजिनातला डीकोडर ते ओळखून मोटर चालवतो). सरळ रुळावर मस्त जातं आणि सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा) आला की मधोमध ठप्प. मग बोटाने ढकलायचं, की दोन इंच पुढे. पाहुणे बघायला आले की तर हमखास. पोरगी म्हणते बाबा, तुमच्या गाडीला रोज तिथेच सिग्नल लागतो.

माझे सांधे इन्सुलेटेड फ्रॉगवाले. म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो व्ही आकाराचा तुकडा प्लास्टिकचा, त्यात करंटच नाही (खऱ्या रेल्वेत त्याला क्रॉसिंग म्हणतात). मोठ्या इंजिनाचं एक चाक त्यावर गेलं तरी बाकीची चाकं करंट घेत असतात, पण या बिचाऱ्याला एका बाजूला दोनच चाकं, एक प्लास्टिकवर आणि दुसऱ्याखाली जरा मळ, की खेळ खल्लास.

म्हणून हे कीप-अलाइव्ह मॉड्यूल मागवलं, रुळावरचा करंट तुटला की साठवलेल्या विजेवर इंजिन क्षणभर चालू ठेवणारं. आत 2.7 व्होल्टचे पाच छोटे सुपरकॅपॅसिटर सिरीजमध्ये, सोबत एक रेझिस्टर आणि डायोड. रेझिस्टर कशाला तर चार्ज होताना एकदम करंट ओढला तर रुळांना पॉवर पुरवणाऱ्या बूस्टरला शॉर्ट झाल्यासारखं वाटतं. जोडायच्या वायरी दोनच. एक डीकोडरच्या निळ्या वायरला, दुसरी ग्राउंडला (डीकोडरच्या निगेटिव्हला), आणि इथेच लोक फसतात. काळी वायर म्हणजे ग्राउंड नाही हो! डीसीसीत काळी डाव्या रुळाची असते. ग्राउंड बहुतेक वेळा बोर्डवरच्या बारीकशा पॅडवर मिळतो, डीकोडरचा कागद बघूनच सोल्डर करा, नाहीतर डीकोडरचा धूर.

रिझल्ट एकदम भारी. रुळावर कागदाची पट्टी टाकली तरी इंजिन वरून चालत गेलं, तेही अगदी रांगत्या स्पीडला.

आता स्टार का कापले ते. हे बसवायला इंजिन उघडलं तेव्हा दिसलं की पिकअपची (चाकातून करंट घेणारी) एक पत्ती चाकाला टेकतच नव्हती, केसाएवढी फट. म्हणजे इतके दिवस गाडी तीनच चाकांवर करंट घेत होती! चिमट्याने पत्ती जरा वाकवली, चाकांवरचा काळा थर आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसला, सांध्याची पाती जिथे रुळाला टेकते तिथेही कापूस फिरवला, आणि मॉड्यूल न जोडताच दहातल्या सात वेळा गाडी पार. त्यामुळे निम्मं क्रेडिट या डब्याचं नाहीच. उलट हा बसवला की मळ साचला तरी कळत नाही, गाडी चालतेय ना म्हणून आपण पुसतच नाही.

दुसरी भानगड अशी की पॉवर बंद केली तरी इंजिन थोडं पुढे जातं, माझं टेबलाच्या कडेपर्यंत गेलं होतं. डीकोडरमध्ये डीसी मोड (साध्या डीसी करंटवरही चालायची सोय) चालू असेल तर सुसाटही सुटू शकतं, म्हणून सीव्ही 29 या डीकोडरच्या सेटिंगमधून 4 वजा करा (माझं 6 होतं, 2 केलं). आणि हे आधीच करा, कारण कॅपॅसिटर जोडल्यावर प्रोग्रॅमिंग ट्रॅक (डीकोडरची सेटिंग बदलायचा वेगळा रूळ) नाटकं करतो. मी शेवटी एक वायर काढून प्रोग्रॅम केलं.

साध्या डीसी कंट्रोलरवाल्यांनी घेऊ नका, उपयोग नाही. त्यांनी मेटल फ्रॉगचे सांधे घ्यावेत, पण फ्रॉगची पोलॅरिटी सांध्याबरोबर बदलणारा स्विच लावायला लागतो आणि फ्रॉगपुढच्या दोन्ही रुळांना प्लास्टिकचे जॉइनर, नाहीतर थेट शॉर्ट. नवीन लेआउट असेल तर मी तेच करेन. माझे सांधे बॅलास्ट (रुळाखालची खडी) टाकून चिकटवलेत, आता कोण उखडणार.

साइज मात्र मोजून घ्या. मला केबिनमधला ड्रायव्हर काढावा लागला.