माएरी: पाचपैकी चार, तेही गाडीत ऐकलं तर

यूफोरिया बँडच्या 'माएरी' गाण्याला मी पाचपैकी चार देतो. एक का कापला ते पुढे येईलच. पण आधी एक विनंती, हे गाणं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नका. ढोलक डबा बडवल्यासारखी येते आणि गायक पलाश सेनचा आवाज नुसता चिरका लागतो. चारचाकीत बसा, काचा वर करा, मग लावा. आमच्या पिकअपला दारातले साधे स्पीकर आहेत, महागाचं काही नाही, तरी तिथे ते बरोबर बसतं.

मी रावेरकडचा, धंदा केळीचा. हे गाणं २००० साली 'फिर धूम' या अल्बममध्ये आलं. त्याआधी १९९८ मध्ये याच मंडळींच्या 'धूम पिचक धूम'ने आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगचा फडशा पाडला होता, म्हणून पुढचं ऐकायचंच होतं. कॅसेट आणून दिली आमच्या एका ट्रकवाल्याने. आझादपूर मंडीत माल उतरवून परत येताना तो दिल्लीहून काहीबाही घेऊन यायचा, कुणाला स्वेटर, कुणाला रेडिओ. बँड दिल्लीचा, कॅसेटही दिल्लीची, आणि आमच्या केळीचे पैसे दिल्लीत अडकलेले. त्या वर्षी दिल्लीकडून वेळेवर आलेली चीज एवढीच.

आता गाण्यात आहे काय? एक पोरगा एका पोरीला आठवतोय. ती हसवायची, रडवायची, छळायची. असली गाणी पोत्याने आहेत. फरक एवढाच की हा पठ्ठ्या पोरीला काहीच म्हणत नाही, सगळं गाऱ्हाणं आईपुढे मांडतो. मला वाटतं गाण्याची सगळी ताकद तिथेच आहे. पोरीला उद्देशून असतं तर ते दोन वर्षांत विरलं असतं. आमच्या पिढीत कुणाची बिशाद होती असं घरी बोलायची? माय कळण्याच्या भाकरी थापतेय आणि मी शेजारी बसून सांगतोय, माय, एक पोरगी लई आठवते! तिने हातातलं पीठ न झटकता विचारलं असतं, 'कोनाची पोर हाये रे?' आणि उत्तर ऐकून दुसऱ्या दिवशी मला मामाकडे रवाना केलं असतं. जे आम्हाला तोंडाने जमलं नाही ते हा माणूस ओरडून गातो, म्हणून ते आम्हाला लागतं.

ओरडून म्हणजे खरंच ओरडून. पलाश सेन पेशाने हाडांचा डॉक्टर, आणि आवाजही घोटून गुळगुळीत केलेला नाही. 'माए' ही आईला मारलेली हाक वर चढते तेव्हा वाटतं आता गळा फाटणार, पण फाटत नाही. आमच्याकडचे ऑर्केस्ट्रावाले इथेच मार खातात. आपल्या सोयीसाठी पट्टी खाली घेतात, मग हाक हाक राहत नाही, पत्ता विचारल्यासारखी वाटते. गिटार आणि ढोलक एकाच गाण्यात नांदतात, कुणी कुणाला दाबत नाही, हेही हल्लीच्या मानाने कौतुकाचं.

परवा केळीच्या कांदेबागेची कापणी चालू होती. घड वाहून आणणाऱ्यांत एक विशीतला पोरगा होता, खांद्यावर गादी, शर्टावर चिकाचे काळे डाग. गाडीत हे लागलं तसा तो घड खाली ठेवून दाराशी आला. 'कोन्त्या पिच्चरचं हाये भाऊ?' म्हटलं पिच्चरचं नाही, असंच काढलेलं गाणं आहे. त्याला पटेना. पिच्चर नाही तर हिरो कोण? तेव्हा सिनेमाशिवाय गाणी निघायची, व्हिडिओ निघायचे, कॅसेटी खपायच्या, हे त्याला सांगून समजेना. यूफोरियाचे व्हिडिओ करणारे प्रदीप सरकार पुढे २००५ मध्ये 'परिणीता' घेऊन आले, म्हणजे तो सगळा मालही शेवटी सिनेमाकडेच गेला. पोराने मात्र फोन काढून नाव शोधलं आणि चिकट बोटांनीच डाउनलोडला टाकलं.

कापलेला एक गुण शेवटासाठी. सांगायचं ते सांगून झालं तरी गाणं उठायचं नाव घेत नाही, तीच हाक परत परत. दाराशी चपला घालून तासभर बोलत उभा राहणारा पाहुणा आठवतो. आणि ऐकायचं तर मूळ रेकॉर्डिंगच ऐका. स्टेजवरचं घेतलंत तर अर्धा वेळ पब्लिकच गातं. रीमिक्सच्या वाटेला जाऊच नका, त्यात ढोलक काढून धडधड भरलेली असते आणि गाऱ्हाण्याचा पार चुथडा होतो.

अजून एक, लग्नघरवाल्यांसाठी. हळदीच्या रात्री डीजेला हे लावायला सांगू नका. आमच्या नात्यातल्या एका हळदीत त्याने 'आईचं गाणं' समजून मध्येच लावलं. शब्द कुणी नीट ऐकले नाहीत, पण ती हाक पोचली. नवरीच्या आईने पदर डोळ्याला लावला, मग मावशी, मग आत्या, आणि पंगतीत वाढणाऱ्या सगळ्या बायाच मांडवात जमा झाल्या. वांग्याच्या भरताचं पातेलं तसंच झाकलेलं, पानं मांडलेली, आणि वऱ्हाडी मंडळी 'पुऱ्या आणा हो' म्हणून ओरडतायत.