एअर बेड घेताना: पंप घरघरतो, गादी मात्र नुसती फुगते

अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला घरी सोडताना डॉक्टर एअर बेड घ्यायला सांगतात आणि घरची माणसं त्याच पावली सर्जिकल दुकान गाठतात. अशा घाईतल्या गिऱ्हाइकाला फसवणं सोपं. दुकानदार पंप लावतो, गादी टम्म फुगते, पैसे चुकते होतात. पुढे माकडहाडावरची कातडी लाल पडायला लागते, तेव्हा शंका येते.

बेडसोअर, म्हणजे सतत पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमा, टाळण्याच्या या गादीत फुग्यांच्या ओळी एकाआड एक अशा दोन संचांत जोडलेल्या असतात, म्हणून पंपाला नळ्या दोन. एक संच भरतो तेव्हा दुसरा सैल होतो, आणि साधारण दहा मिनिटांनी अदलाबदल. दाब एकाच जागी राहत नाही, तेवढ्यासाठीच हे सगळं. पंपात हवेची दिशा बदलणारी चकती असते. ती अडकली की पंप घरघरत राहतो, गादी फुगलेली दिसते, पण अदलाबदल होत नाही. दुरुस्त करून नव्या खोक्यात घातलेले पंप असेच खपवतात.

दुकानातच दोन्ही नळ्या पंपापासून काढा आणि पंपाच्या दोन्ही तोंडांवर बोटं ठेवा. हवा एकातूनच जोरात यायला हवी. मग घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबा, बाजू बदललीच पाहिजे. ‘घरी गेल्यावर चालू होईल’ असं ऐकू आलं तर सरळ उठा. एकच व्हॉल्व्ह असलेली सहलीची गादी ‘मेडिकल’ म्हणून गळ्यात मारतात, तीही नको. नळ्या पिवळट असतील किंवा फिनाईलचा वास येत असेल तर गादी कुणीतरी वापरलेली असू शकते.

घरी पेशंट झोपल्यावर कमरेखाली, गादीच्या खालून तळहात सरकवा. हात आणि शरीर यांच्यामध्ये इंचभर फुगलेली हवा लागली पाहिजे. हाड हाताला लागलं तर दाब वाढवा. वर पातळ सुती चादरच घाला. जाड गोधडी घातली की गादीचा उपयोग संपला. आणि गादी कितीही चांगली असो, कूस दर दोन तासांनी बदलावीच लागते, हे दुकानदार कधीच सांगत नाही.

बिलावर पंपाचा सिरियल नंबर लिहून घ्या. ‘विकलेला माल परत घेणार नाही’ या शिक्क्याला घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलावर परतीची मुदत नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.