फोटोतले चौकोन मोजले असते तर १४,१४९ रुपये वाचले असते

प्लास्टिकच्या जोडायच्या विमानाच्या जाहिरातीतल्या ज्या फोटोने मला फसवलं, तोच फोटो काल दुसऱ्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा आला, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय. ‘१/४८ स्पिटफायरचं किट, सोबत हत्यारांचा पूर्ण संच, एअरब्रश, कॉम्प्रेसर. छंद सोडतोय, विकणे आहे.’ हा मजकूर दिसला तर एक रुपयाही पाठवू नका. (स्पिटफायर हे जुनं लढाऊ विमान; १/४८ म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढी प्रतिकृती.)

अशा फसवणुकीची पद्धत तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होती, म्हणूनच जास्त जळतं. मी भुललो ते त्या माणसाच्या बोलण्याला. त्याने पहिल्याच फोनवर विचारलं, ‘स्प्रू कोमट साबणाच्या पाण्यात धुता ना? साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही.’ (स्प्रू म्हणजे किटचे सुटे भाग जिला जोडलेले येतात ती प्लास्टिकची चौकट.) कॅनोपीला, म्हणजे वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाला, सुपरग्लू लावू नका, वाफेने काच पांढरी पडते, फेव्हिकॉल वापरा, हेही त्यानेच सांगितलं. सगळं अगदी बरोबर. इतकं बारीक बोलणारा माणूस चोर असेल असं कुणाच्या मनात येईल? भावही संशय यावा इतका कमी नव्हता. ६,८०० सांगितले, मी लगेच पाठवले. पुतण्याची सुट्टी सुरू होणार होती आणि विमान दोघांनी मिळून करायचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, प्रायमरचा स्प्रे आणि थिनर ज्वलनशील आहेत, वेगळं पॅकिंग लागेल, डिपॉझिट २,३५०, पार्सल पोचलं की परत. असा माल साध्या पार्सलने विमानातून जात नाही हे खरंच आहे, म्हणून तेही दिले. वस्तू हातात येण्याआधी ‘परत मिळणारं’ डिपॉझिट मागणाऱ्याशी बोलणं तिथेच थांबवा.

आता तो फोटो. कटिंग मॅटवर पंख नुसते जुळवून ठेवले होते, गोंद न लावता. मॅटवरचे चौकोन एकेक सेंटिमीटरचे, आणि पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेपंधरा चौकोन. खऱ्या स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर. १/४८ मध्ये तो २३.४ सेंटिमीटर भरतो, १/७२ मध्ये १५.६. फोटोतलं किट १/७२ होतं. हा हिशेब मला झोपेतही येतो, आणि तो फोटो मी निदान वीस वेळा मोठा करून पाहिला. पाहिलं काय, तर डिकलची, म्हणजे विमानावर चिकटवायच्या खुणांची, शीट पिवळी पडली आहे का! शेजारी ठेवलेला निपरही, म्हणजे स्प्रूवरून भाग कापायची पक्कड, साधा वायर कटर होता, पात्याला दोन्ही बाजूंनी उतार. प्लास्टिकच्या निपरची एक बाजू सपाट असते, नाहीतर काप भागाला लागून बसत नाही आणि तिथलं प्लास्टिक पांढरं पडतं. हे मी स्वतः नवीन मुलांना शिकवतो. तरी बघितलं नाही. त्याच वेळी आजच्या तारखेची चिठ्ठी स्प्रूवर ठेवून व्हिडिओ पाठव म्हणायला हवं होतं. तुम्ही म्हणा.

आठ दिवस पार्सल आलं नाही. पैसे परत मागितले तर म्हणाला, दोन हप्त्यांत देतो, पहिला ४,९९९, हा क्यूआर स्कॅन करा. रात्रीचे अकरा वाजले होते, दिवसभराच्या कामाने डोकं बधिर झालं होतं. मी पिन टाकला. पैसे घ्यायला पिन लागतच नाही! ४,९९९ गेले आणि त्याचा नंबर बंद झाला.

बँकेत तीन खिडक्या फिरलो. तिन्हीकडे एकच प्रश्न, ‘पिन तुम्हीच टाकला ना?’ हो, मीच टाकला. पण ते खातं कुणाच्या तरी कागदपत्रांवर उघडलं गेलंय ना? ते का तपासत नाही? पोलीस ठाण्यात दोन तास बसवलं आणि सांगितलं, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, समोरचं खातं दुसऱ्या राज्यातलं, आमची हद्द नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे सांगितलं तर साहेबांनी फाईल बंद केली आणि विचारलं, ‘खेळण्यातल्या विमानासाठी एवढं?’ माझ्या कष्टाचे पैसे खेळण्यातले नव्हते. तिसऱ्या खेपेला पोच मिळाली, तीही नुसत्या अर्जाची.

पैसे गेले की त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मी शरमेपोटी रात्रभर गप्प बसलो, सकाळपर्यंत त्या खात्यातून रक्कम पुढे गेली होती. स्क्रीनशॉट, व्यवहार क्रमांक, चॅट, काहीही पुसू नका. रागाच्या भरात मी त्याला ब्लॉक करून चॅट उडवलं, ते पुराव्याला कमी पडलं.

पुतण्यासाठी ४००, ६०० आणि १००० नंबरचे पॉलिश पेपर कापून डब्यात लावून ठेवले आहेत. तो रोज विचारतो. पार्सल वाटेत अडकलंय, एवढंच मी त्याला सांगितलंय.