आठ आठवडे टॉवेलच्या कारखान्यात: एका उन्हाळी इंटर्नशिपचे परीक्षण

सोलापूरजवळच्या एका मोठ्या टॉवेल-उत्पादक कंपनीत मी यंदा मे आणि जून महिन्यांत आठ आठवड्यांची इंटर्नशिप केली. मी वस्त्रोद्योग अभियांत्रिकीची विद्यार्थिनी असून नुकतेच तिसरे वर्ष संपवले आहे. कंपनीचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण ज्या तक्रारी पुढे येणार आहेत त्या केवळ त्या एका कंपनीच्या नसाव्यात, असे वर्गमैत्रिणींशी बोलल्यावर वाटले. माझे मत आधीच सांगते. या आठ आठवड्यांत मला भरपूर शिकायला मिळाले, परंतु ते शिकवण्याची कंपनीची कोणतीही योजना नव्हती. गुणच द्यायचे तर लूमशेडला, म्हणजे मागांच्या शेडला, पाचपैकी साडेचार देईन आणि मनुष्यबळ विभागाला दीड.

अर्ज महाविद्यालयाच्या प्लेसमेंट विभागामार्फत फेब्रुवारीत केला होता. फोनवर दहा मिनिटांची मुलाखत झाली आणि एप्रिलमध्ये पत्र आले. पत्रात स्वतंत्र प्रकल्प, नेमून दिलेला मार्गदर्शक आणि दर शनिवारी आढावा अशी तीन आश्वासने होती. पहिल्या दिवशी मात्र गेटवरच्या यादीत माझे नाव नव्हते आणि सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये दोन तास बसून राहावे लागले. त्यानंतरचे सुरक्षा प्रशिक्षण उत्तम होते, हे मान्य करायला हवे. ओढणी चालणार नाही, केस बांधून टोपीत घ्यायचे, कानात बोळे घातल्याशिवाय शेडमध्ये पाऊल टाकायचे नाही, चालू मागावर हात न्यायचा नाही, हे नियम तिथे केवळ भिंतीवर लावलेले नव्हते, तर पाळलेही जात होते. परंतु ते प्रशिक्षण संपल्यावर माझे काय करायचे, याचा विचार कोणी केलेला नव्हता. पुढचे जवळजवळ दोन आठवडे मी वातानुकूलित कार्यालयात बसून जुन्या डिस्पॅच चलनांची माहिती एक्सेलमध्ये भरत होते. घरी आजीने शेजारीपाजारी ‘नात मिलमध्ये लागली’ असे सांगून ठेवले होते. 1877 साली सुरू झालेल्या सोलापुरातल्या ‘जुनी मिल’च्या आठवणी ज्या घरांत अजून निघतात, तिथे ‘मिल’ या शब्दाला वजन असते. मी मात्र अजून एकही माग चालताना पाहिला नव्हता. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी ती अवस्था होती.

शेवटी मी स्वतःच विणकाम विभागाच्या व्यवस्थापकांकडे गेले आणि शेडमध्ये बसू द्या, अशी विनंती केली. त्यांनी एकही प्रश्न न विचारता होकार दिला. पत्रात नेमलेल्या मार्गदर्शकांची भेट त्यानंतर चौथ्या आठवड्यात झाली आणि ती सात-आठ मिनिटांत आटोपली.

टेरी टॉवेल कसा विणला जातो, हे मी पुस्तकात वाचून परीक्षेत लिहिलेही होते. टेरीच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (धागे गुंडाळलेले मोठे रूळ) असतात. खालच्या जमिनीचा ताणा घट्ट ओढलेला असतो आणि फुलीचा, म्हणजे ज्या धाग्यांचे फासे होतात तो ताणा सैल सोडलेला असतो. आडवे दोन धागे कापडाच्या कडेपासून थोडे मागे ठेवले जातात, तिसऱ्या धाग्याला फणी, म्हणजे धागे ठोकणारी कंगव्यासारखी चौकट, पूर्ण पुढे येऊन तिन्ही धागे एकदम ठोकते, आणि त्या ठोक्यासरशी सैल ताण्याचे फासे उभे राहतात. हे वाक्य लिहायला सोपे आहे. मिनिटाला तीनशेच्या आसपास आडवे धागे टाकणाऱ्या रेपियर मागासमोर उभे राहून मात्र पहिले दोन दिवस मला काहीच दिसले नाही. फणी नुसती थरथरताना दिसत होती. तिसऱ्या दिवशी तिथल्या जॉबरने, म्हणजे माग जुळवून देणाऱ्या कारागिराने, माग थांबवला, हाताने अगदी सावकाश पुढे नेला आणि तिसऱ्या ठोक्याला फासे उभे राहताना दाखवले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. घरी तेलुगू, शेडमध्ये मराठी आणि साहेबांशी हिंदी बोलणारे अण्णा तीस वर्षांहून अधिक काळ मागांवर आहेत. सुरुवात त्यांनी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घरगुती कारखान्यात धोट्याच्या मागावर केली होती. ‘पोरी, माग डोळ्यानं नंतर बघायचा, आधी कानानं बघायचा,’ असे ते म्हणाले तेव्हा मला ते बोलणे शोभेचे वाटले होते. आठवड्याभरात कळले की धागा तुटून माग थांबण्याच्या दोन-तीन क्षण आधी आवाज खरोखरच बदलतो, आणि अण्णा माग थांबल्याचा दिवा लागायच्या आतच त्या मागाकडे निघालेले असतात.

प्रकल्प मला अण्णांच्या बोलण्यातूनच सापडला. दुपारी माग जास्त थांबतात, अशी त्यांची तक्रार होती. कार्यालयातल्या अहवालात माग किती वेळ थांबला याची नोंद असे, परंतु ताणा तुटला की बाणा (आडवा धागा), आणि तो किती वाजता तुटला, हे त्यात वेगळे दिसत नसे. मी 12 माग निवडले आणि तीन आठवडे एका वहीत प्रत्येक थांब्याची वेळ व कारण लिहिले. सोबत दर तासाला शेडमधल्या आर्द्रतामापकाचा आकडाही लिहिला. सुती धागा ओलावा धरून असला की मजबूत राहतो आणि कोरडा पडला की ताणाखाली लवकर तुटतो. म्हणूनच विणकामाच्या शेडमध्ये हवेतील आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर राखण्यासाठी पाण्याचे फवारे असतात. सोलापुरात मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो आणि बाहेरची हवा भाजून काढल्यासारखी कोरडी असते. माझ्या वहीत दुपारी दोन ते चार या वेळेत ताण्याचे थांबे स्पष्टपणे वाढलेले दिसले, आणि ते मुख्यतः पश्चिमेकडच्या मोठ्या दाराजवळच्या चार मागांवर होते. बीम आत आणण्यासाठी ते दार सतत उघडे ठेवले जात होते. एवढी साधी गोष्ट! परंतु ती कोणीही लिहून ठेवलेली नव्हती.

या नोंदींना एक मर्यादा आहे. मुलींना तिसऱ्या पाळीत बसण्याची परवानगी नव्हती, त्यामुळे रात्रीचे आकडे माझ्याकडे नाहीत आणि रात्रीच्या थंडाव्यात थांबे किती कमी होतात याची तुलना करता आली नाही. परवानगी नसण्यामागचे कारण मला समजते. पण मग त्या पाळीच्या नोंदी एखाद्या कर्मचाऱ्याकडून मिळवून देण्याची सोय तरी हवी होती. मी तसे दोनदा लेखी विचारले आणि दोन्ही वेळा उत्तर आले नाही.

प्रयोगशाळेतला एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. टॉवेलचे जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजन, हे मोजण्यासाठी गोल कटरने 100 चौरस सेंटिमीटरचा तुकडा कापतात, त्याचे वजन करतात आणि त्याला 100 ने गुणतात. तुकडा साडेचार ग्रॅमचा भरला तर टॉवेल 450 जीएसएमचा. मी ड्रायरमधून नुकत्याच निघालेल्या लॉटचे पाच तुकडे कापले, वजने केली आणि सरासरी 430 च्या आसपास आल्यावर मोठ्या उत्साहाने ‘हा लॉट कमी भरतोय’ असे प्रयोगशाळेतल्या ताईंना सांगितले. ताईंनी तुकडे माझ्या हातातून घेतले, नियंत्रित हवेच्या खोलीतल्या जाळीवर पसरून ठेवले आणि म्हणाल्या, ‘आता जेवून या, मग बोलू.’ परत येऊन वजन केले तेव्हा तेच तुकडे 450 च्या जवळ भरले. ड्रायरने कापसातला नेहमीचा ओलावा काढून घेतलेला होता आणि तो हवेतून परत यायला वेळ लागतो. कापसाचा प्रमाणित ओलावा साडेआठ टक्के असतो, हे मी दुसऱ्या वर्षी पाठ केलेले होते. तो लॉट माझ्या शब्दावर अडवला असता तर काय झाले असते, याचा विचार मी आजही टाळते.

सोयींविषयी थोडक्यात लिहिते. कंपनीची बस ‘सात रस्ता’ चौकातून सकाळी वेळेवर सुटते. कॅन्टीनचे जेवण स्वस्त आणि पोटभर आहे, परंतु मी दुसऱ्या आठवड्यापासून घरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेऊ लागले. पिण्याचे थंड पाणी प्रत्येक शेडमध्ये आहे. महिलांसाठीचे स्वच्छतागृह मात्र लूमशेडपासून बरेच लांब, कार्यालयाच्या इमारतीत आहे, आणि पाळीत काम करणाऱ्या महिलांनाही तेच वापरावे लागते.

विद्यावेतन मिळाले नाही. याविषयी मुलांमध्ये आणि विशेषतः पालकांमध्ये गैरसमज आहे, म्हणून सांगते. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ज्यांची नोंदणी होते त्यांना विद्यावेतन देणे बंधनकारक असते. महाविद्यालयीन इंटर्नला ते संरक्षण नाही. केंद्र सरकारच्या 2024 मध्ये सुरू झालेल्या इंटर्नशिप योजनेतले दरमहा 5,000 रुपयेही त्या वर्षीच्या नियमांनुसार आपल्याला लागू होत नव्हते, कारण ती योजना पूर्णवेळ शिक्षण घेणाऱ्यांसाठी नव्हती. पत्रात विद्यावेतनाचा उल्लेख नसेल तर ते नाही असे समजूनच जावे आणि जेवणाखाण्याचा खर्च घरी आधी सांगून ठेवावा.

माझ्या एका मैत्रिणीने याच काळात पूर्व भागातल्या वीस मागांच्या कारखान्यात काम शिकले. तिला प्रमाणपत्रावर भपकेदार नाव मिळाले नाही, परंतु सूत खरेदीपासून चादरीच्या गाठी वाहतूकदाराकडे पोहोचेपर्यंतचा सगळा व्यवहार मालकाच्या शेजारी बसून पाहता आला. सूत महागले की मालकाचा चेहरा कसा होतो, हेही तिने पाहिले. मला रंगाई विभाग एकदाच, तोही काचेआडून दाखवला गेला. दुसरीकडे, आर्द्रता नियंत्रण, प्रयोगशाळा आणि परदेशी ग्राहकांच्या तपासण्यांची शिस्त तिला पाहायला मिळाली नाही. चाचण्या आणि प्रक्रिया यांत रस असेल तर मोठी कंपनी बरी, आणि धंदा समजून घ्यायचा असेल तर मी निःसंकोचपणे लहान कारखाना सुचवीन.

शेवटच्या आठवड्यात सादरीकरण झाले. व्यवस्थापकांनी दाराजवळच्या चार मागांचा तक्ता दोन वेळा मागे घेऊन पाहिला आणि त्या दाराला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावण्याची सूचना तिथल्या तिथे देखभाल विभागाला दिली. मनुष्यबळ विभागाचे प्रतिनिधी उपस्थित नव्हते.

प्रमाणपत्र दोन आठवड्यांनी ई-मेलने आले. त्यात माझे आडनाव चुकले होते आणि विभाग म्हणून ‘विपणन’ असे छापलेले होते. दुरुस्तीसाठी मी चार ई-मेल पाठवले, तीन फोन केले आणि अखेर एका सकाळी कंपनीच्या त्याच बसने गेटपर्यंत गेले, तेव्हा कुठे नवी प्रत हातात पडली. तोवर महाविद्यालयात क्रेडिटसाठी कागद जमा करण्याची मुदत संपायला दोनच दिवस उरले होते. पुढच्या वर्षी कोणी जाणार असेल तर शेवटच्या दिवशी गेटपास परत करण्यापूर्वी प्रमाणपत्राचा मसुदा समोर बसून तपासून घ्यावा, आणि आपली नोंदवही कार्यालयात जमा करण्याआधी तिच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवावा. माझी वही अजून परत आलेली नाही.